फोंड्याच्या त्या प्लंबरदादांचे आभार

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि नव्या आरओ फिल्टरचा जोड ओट्याखाली गळायला लागला. बसवून गेलेला माणूस फोन उचलेना. हार्डवेअरच्या दुकानात वॉशर मागत होते, तर शेजारी उभे असलेले प्लंबर आपली खरेदी तिथेच ठेवून माझ्याबरोबर आले. मुख्य कॉक बंद करण्याआधी आईसाठी दोन कळशा भरून ठेवल्या. इतकं कोण बघतं? अर्ध्या इंची आट्यांवरची जुनी टेफ्लॉन टेप खरवडून काढली, नवी आट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळली. पाव इंची नळीचं तिरकं टोक सरळ कापून पुन्हा बसवलं. फिल्टरची पहिली टाकी भरली की ते पाणी ओतून द्या, म्हणाले. पैसे विचारले तर, "फाल्यां चवथ न्हय, बाय!" (उद्या चतुर्थी ना, बाई!) दादा, गडबडीत तुमचं नावही विचारलं नाही. देव बरें करूं!