सोडायला या

प्रिय आई-बाबा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

छत्तीसगडच्या कुष्ठरोग रुग्णालयाला मी होकार कळवला. फोनवर आईला रडू आवरेना आणि बाबा गप्पच झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

इथे पुण्यातही सगळ्यांनी अडवलं. ट्रेनिंगपासूनच्या मैत्रिणी, तरुण संघातली मुलं, पाळकसाहेबसुद्धा. "आई-बाबा थकलेत, आता कुठे एवढ्या लांब? इथे काय पेशंट कमी आहेत?" परक्या कुणी म्हटलं असतं तर मी कानाआड केलं असतं. जीव लावणाऱ्यांनी हात धरला की पाय उचलत नाही.

तेव्हापासून बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा 21वा अध्याय पुन्हा पुन्हा वाचते आहे. यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी जमवलेली मदत घेऊन पौल निघालाय. सोरच्या किनाऱ्यावर लोक बायकामुलांसह गुडघे टेकून प्रार्थना करतात. कैसरियात अगब संदेष्टा पौलाच्याच कमरबंदाने स्वतःचे हातपाय बांधून दाखवतो: याच्या मालकाला तिथे असंच बांधतील. मग सगळे जाऊ नको म्हणून विनवतात, हे पुस्तक लिहिणारा लूकही त्यांच्यातच. पौल विचारतो, रडून माझं काळीज का तोडता? म्हणजे काळीज तुटत होतंच ना! शब्बाथशाळेत मला तो फार कठोर वाटायचा.

सोरच्या शिष्यांनी आत्म्याच्या प्रेरणेनेच त्याला जाऊ नको म्हटलं, असं लूक लिहितो. तिथे मी अडले. मला वाटतं, पुढचं दुःख आत्म्याने दाखवलं आणि 'जाऊ नको' हे त्यांच्या मायेने म्हटलं. बाबा, तुम्हाला हे पटतं का ते जरूर लिहा.

पण माझा जीव थांबला तो पुढच्या वचनांपाशी. विनवण्या करणारे शेवटी म्हणाले, प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो. आणि कैसरियातले काही जण पौलाबरोबर निघाले. म्नासोन नावाच्या जुन्या शिष्याच्या घरी त्याच्या मुक्कामाची सोयही त्यांनीच केली. नंतर पौल दोन वर्षं कैदेत होता तोही कैसरियातच, आणि त्याच्या माणसांना त्याची सेवा करू द्यावी असा रोमी सुभेदार फेलिक्सचा हुकूम होता. रडून अडवणारी माणसं त्याला अंतरली नाहीत.

आई, तुझी भीती मला कळते. पण औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत त्या पेशंटपासून लागण होत नाही. गोळ्या फुकट मिळतात, आजाराच्या प्रकारानुसार 6 किंवा 12 महिने घ्यायच्या. खरा घात होतो तो बधिर झालेल्या पायांचा. शिबिराला गेले होते तेव्हा एका मावशींचं ड्रेसिंग करायला बसले. चपलेतून खिळा वर आला होता, तळव्यात खोल जखम, आणि त्या माझ्याशी नातवाच्या शाळेबद्दल बोलत होत्या. दुखतच नव्हतं त्यांना. त्यांचा पाय मांडीवर घेऊन जखम धूत असताना मला कळलं की प्रभू मला इथे बोलावतोय. त्यानंतर दुसरीकडे कुठेच मन लागलं नाही. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे 1970 मध्ये गोरगरिबांच्या आरोग्यसेवेसाठी आपल्याच जिल्ह्यातल्या जामखेडला येऊन राहिले, ते तुम्हीच मला सांगत आलात.

तुमचं वय मी विसरलेले नाही. दादा-वहिनींशी बोलले आहे. औषधं आणि दवाखान्याचं ते बघतील, खर्चाचे पैसे मी दरमहा पाठवीन. बाबा, तुमच्या शुगरमुळे तुमचेही पाय बधिर होताहेत. रोज रात्री आईला तळवे बघायला सांगा, अनवाणी अंगणातही जाऊ नका. मऊ रबराच्या एमसीआर चपला तिथे पेशंटसाठी बनवतात. तुमच्या पायाचं माप कागदावर काढून ठेवा.

आणि एक मागणं आहे. मला सोडायला या. आझाद हिंद एक्स्प्रेस आपल्या नगरवरूनच बिलासपूरकडे जाते. मी पुण्याहून बसेन, तुम्ही नगरला चढा. आई, तुझ्या हाताने माझी खोली लाव, वॉर्डातल्या बायकांना भेट, चार दिवस राहा. तिकिटं मी काढते, फक्त हो म्हणा.

तुमची,
ताई