ठोसेघरहून आल्यावर

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बाबा ‘मस्त झालं’ एवढंच बोलले, म्हणून लिहायला बसले. रविवारी त्यांना ठोसेघरचा धबधबा बघायला नेलं. आजारपणानंतर पहिल्यांदाच. बोगदा ओलांडला तशी त्यांनी काच खाली घेतली. भुरभुर पाऊस आत येत होता, तरी लावू देईनात. सज्जनगड दिसल्यावर चालत्या हाताने नमस्कार केला. तुला खांद्यावर घेऊन रामघळीकडे उतरले होते, ते ड्रायव्हरला दोनदा सांगून झालं. आता घळीत जायचं म्हणजे पुन्हा पायऱ्याच, म्हणून मी विषय वाढवला नाही.

धबधब्याकडे व्हीलचेअर थोडी नीट गेली आणि पायऱ्या आल्या. दोन पोरांनी आपणहून खुर्चीसकट उचललं. भली पोरं होती रे, देव त्यांचं भलं करो. पण बाबा सगळा वेळ माझ्याकडेच बघत होते, दरीकडे नाही. खाली टेकवल्यावर म्हणाले, “मला कुणी उचललेलं नको वाटतं गं.”

आणि एवढं करून, कठड्याची वरची आडवी पट्टी नेमकी त्यांच्या डोळ्यांसमोर! मला उभ्याने कळलंच नसतं. त्यांच्या खुर्चीशेजारी उकिडवी बसले तेव्हा दिसलं, धार वर दिसते, खाली दिसते, मधली गायब. मान वाकडी करकरून त्यांनी बघितलं. तरी तुषार तोंडावर आले तेव्हा हसले. कितीतरी दिवसांनी तसं हसले.

तू मागे सांगितलं होतंस ना, एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो. म्हणजे सात इंचांच्या एका पायरीला सात फूट. एवढ्या पायऱ्यांना किती लागेल, मध्ये विसाव्याला सपाट जागा कुठे निघेल, शेवाळावर चाक घसरू नये म्हणून खाली काय घालावं, हे तुझं शिक्षण. २०१६ चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहेच. सगळा डोंगर कोरा असं मी म्हणत नाही. बघायच्या जागेपर्यंतची वाट तेवढी व्हावी, आणि कठड्यात बसल्या माणसाला दिसेल अशी एक फट.

गणपतीला येशील तेव्हा मोठा टेप घेऊन ये. आपण जाऊन मोजू. तू नकाशा काढ, अर्ज मी लिहिते. बाबा सही करणार म्हणतात, डाव्या हाताने सराव चालू आहे.

तुझी,
आई