विकास आराखडा मंजूर होण्याआधी वाचायचा असतो

महोदय,

बंगल्याच्या जागी बँक आली, शेजारच्या भूखंडावर उपाहारगृह सुरू झाले, रात्री अकरापर्यंत गाड्या दारात उभ्या असतात, अशा तक्रारी नागपूरकर वाचक आपल्या पत्रस्तंभातून वारंवार मांडतात आणि बहुतेक पत्रे ‘महापालिकेने परवानगी दिलीच कशी?’ या प्रश्नावर थांबतात. या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा नियमावलीतच असते आणि ते तक्रारदाराच्या बाजूचे असतेच असे नाही, हे कटू असले तरी सांगणे भाग आहे.

शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या विकास आराखड्याच्या नकाशात रहिवासी क्षेत्र पिवळे, वाणिज्य निळे, औद्योगिक जांभळे आणि शेतीचे क्षेत्र हिरवे दाखवलेले असते, एवढे अनेकांना ठाऊक असते. मात्र आपले घर पिवळ्या रंगात आले म्हणजे सभोवती फक्त घरेच राहणार, हा समज चुकीचा आहे. राज्य शासनाने २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जिला व्यवहारात सगळे ‘यूडीसीपीआर’ म्हणतात, मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता सर्व महाराष्ट्राला, म्हणजे नागपूरलाही, लागू आहे. तिच्यात रहिवासी क्षेत्राचे आर-१ आणि आर-२ असे दोन प्रकार असून ते रस्त्याच्या रुंदीवरून ठरतात. दाट वस्तीच्या क्षेत्रात ९ मीटरपेक्षा आणि त्याबाहेर १२ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरचा भूखंड आर-१ मध्ये मोडतो आणि तिथे घरांसोबत डॉक्टरांचा दवाखाना, तिथेच राहणाऱ्या व्यावसायिकाचे कार्यालय, किरकोळ गरजेची दुकाने असे मर्यादित वापरच चालतात. रस्ता त्या रुंदीचा किंवा अधिक रुंद असेल तर भूखंड आर-२ मध्ये जातो, आणि तिथे बँक, मोठी दुकाने, उपाहारगृहे यांना अटींची पूर्तता करून रीतसर वाव मिळतो. याचाच अर्थ असा की आराखड्यात एखादा रस्ता रुंद करण्याचे प्रस्तावित होते तेव्हा नुसती काही घरांची कुंपणे मागे सरत नाहीत, तर त्या रस्त्यावरच्या भूखंडांचा अनुज्ञेय, म्हणजे नियमाने चालणारा, वापरही बदलू शकतो. रुंदीकरणाचे स्वागत करणाऱ्या रहिवाशांनी हे ध्यानात घेतलेले बरे.

याची दुसरी बाजूही आहे. आतल्या अरुंद गल्लीत जेव्हा खरोखरच नियमबाह्य वापर सुरू होतो, तेव्हा ‘त्यांच्याकडे गुमास्ता आहे’ एवढ्यावर शेजारी गप्प बसतात. गुमास्ता ही आस्थापनेची नोंद आहे. तिने जागेचा अनुज्ञेय वापर बदलत नाही. त्याचप्रमाणे दुय्यम निबंधकाकडे रजिस्ट्री झाली म्हणजे व्यवहाराची नोंद झाली, त्या जमिनीवर घर बांधण्याचा अधिकार मिळाला असे नव्हे.

शहराच्या कडेला, बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळ्याच्या बाजूला, हा गैरसमज फार महागात पडतो. भूखंडविक्रीच्या फलकावर ‘एनए’ (अकृषक) ही दोन अक्षरे ठळक असतात आणि खरेदीदाराला तेवढ्याने समाधान वाटते. अकृषक आकारणी ही महसुलाची बाब आहे, ले-आउटची, म्हणजे जमिनीचे भूखंड पाडण्याच्या नकाशाची, मंजुरी ही नियोजन प्राधिकरणाची, आणि जमीन आराखड्यात कोणत्या वापर-विभागात आहे हा तिसराच प्रश्न आहे. सातबारा किंवा आखीव पत्रिका (शहरी मिळकतीचा उतारा) यांवरून त्याचे उत्तर मिळत नाही. या शहरात हे नव्याने सांगावे लागू नये. ‘५७२’ आणि ‘१९०० ले-आउट’ हे आकडे नागपुरात वस्तीच्या नावांसारखे उच्चारले जातात, कारण मंजुरीविना पडलेल्या या ले-आउटमधल्या हजारो कुटुंबांना गुंठेवारी कायदा, २००१ खाली नियमितीकरणाच्या रांगेत उभे राहावे लागले. ज्यांच्या भूखंडावरून डीपी रस्ता, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, जात होता किंवा उद्यानाचे, शाळेचे आरक्षण होते, त्यांचा मार्ग त्या कायद्यानेही सहज मोकळा झाला नाही.

आरक्षणाबाबतही अर्धवट माहितीच अधिक फिरते. दहा वर्षे झाली की आरक्षण आपोआप उठते, असे दलाल छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालकाने ‘जमीन विकत घ्या’ अशी रीतसर खरेदी सूचना बजावावी लागते आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तरच आरक्षण व्यपगत होते, म्हणजे उठते. सूचनाच बजावली नाही तर नुसती वर्षे उलटून काहीही होत नाही.

हे सारे लिहिण्याचे कारण असे की शहराचा सुधारित विकास आराखडा २००० साली मंजूर झाला आणि वर उल्लेखिलेल्या अधिनियमाच्या कलम ३८ नुसार वीस वर्षांत एकदा तरी त्याची फेररचना अपेक्षित असते. प्रारूप, म्हणजे कच्चा, आराखडा प्रसिद्ध झाला की कलम २६ खाली हरकती व सूचना मागवल्या जातात, नियोजन समिती सुनावणी घेते आणि नंतर प्रकरण मंजुरीसाठी शासनाकडे जाते. सामान्य माणसाला वकिलाविना, साध्या कागदावर लिहून, आपल्या वस्तीचे भवितव्य बदलता येईल असा हा महिना-दोन महिन्यांचा काळ असतो. तो उलटल्यावर तोच माणूस न्यायालयाच्या पायऱ्या चढतो. बांधकाम व्यावसायिकांकडे नकाशे वाचणारे लोक पगारावर असतात, त्यांच्या हरकती वेळेत आणि सर्व्हे क्रमांकासह पोहोचतात. वस्तीतून मात्र बहुधा नुसते निषेधाचे निवेदन जाते, ज्यावर सुनावणीत काही निर्णय देता येत नाही.

नकाशा वाचायचा तर रंगांइतकेच नाल्यांकडेही पाहिले पाहिजे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, ते नागपूर विसरलेले नाही. नदीची निळी (अधिक वेळा येणाऱ्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) पूररेषा कुठून जाते, यावर काठच्या जमिनीवर बांधता येईल की नाही आणि किती, हे अवलंबून असते.

महापालिकेने, तसेच ज्या क्षेत्रांची जबाबदारी नागपूर सुधार प्रन्यास आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे तिथे त्यांनी, प्रारूप प्रसिद्ध करताना प्रत्येक प्रभागाचा वेगळा नकाशा, चौक, देवळे, शाळा यांची परिचित नावे घालून, मराठी सूचीसह महापालिकेच्या दहाही प्रशासकीय झोनच्या कार्यालयांत लावावा. भूखंडविक्रीच्या प्रत्येक फलकावर मंजूर ले-आउटच्या क्रमांकासोबत वापर-विभागाचाही उल्लेख बंधनकारक करावा. आराखड्यातला भाग नकाशा आणि जमीन कोणत्या वापर-विभागात आहे हे सांगणारा झोन दाखला शुल्क भरून आजही मिळतो. तो इसार देण्यापूर्वी मागण्याची सवय खरेदीदारांनीही लावून घ्यायला हवी.

एक विनंती आपल्या दैनिकालाही आहे. कलम ३७ खाली मंजूर आराखड्यात फेरबदल करण्याच्या सूचना आपल्याच पानांवर, मौजा आणि खसरा क्रमांकांच्या बारीक टायपात, जाहिरातींच्या गर्दीत छापल्या जातात आणि त्यांवर हरकत घेण्यास महिनाभराचाच अवधी असतो. अशी सूचना प्रसिद्ध होईल त्या दिवशी शहर पानावर चार ओळींची बातमी द्यावी; कोणत्या वस्तीतली जमीन, सध्याचा वापर काय, प्रस्तावित काय आणि हरकतीची अंतिम तारीख कोणती, एवढाच मजकूर तीत असला तरी चालेल.

आपला,
एक सेवानिवृत्त आरेखक,
मानेवाडा, नागपूर