जून महिन्यातील वाफ्यांच्या कामाबाबत सूचना

सर्व सभासद कुटुंबांना कळविण्यात येते की, दक्षिण इंग्लंडमध्ये रात्री दव गोठण्याचा धोका आता बहुतांशी टळला असल्याने टोमॅटो, दुधी व शेंगवेलींची घरात वाढवलेली रोपे वाफ्यात लावण्यास हरकत नाही. मात्र त्याआधी ती आठवडाभर दिवसा बाहेर ठेवून वाऱ्या-उन्हाला सरावू द्यावीत.

पाणी सकाळी लवकर आणि थेट बुंध्याशी द्यावे, कारण संध्याकाळी भिजवलेल्या मातीवर गोगलगायी बाहेर पडतात व कोवळी रोपे एका रात्रीत फस्त करतात.

येथे जूनचा दिवस सोळा तासांहून मोठा असल्याने आपली कोथिंबीर लगेच फुलावर येते; म्हणून ती अर्धवट सावलीत, दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरावी. मेथीसाठीही हीच पद्धत बरी.

स्ट्रॉबेरीच्या फळांखाली कोरडा पेंढा पसरावा. वरची जाळी ताणूनच बांधावी, कारण सैल जाळीत पक्षी व लहान प्राणी अडकून मरतात, याची प्रत्येकाने कृपया गांभीर्याने दखल घ्यावी.

सुट्टीत भारतात जाणाऱ्या कुटुंबांनी पाण्याची व तोडणीची जबाबदारी शेजारच्या सभासदाकडे सोपवून तसे समितीला निघण्यापूर्वी कळवावे.