डिसेंबरच्या मुलांना वर्षभर थांबू द्या

महोदय,

नर्सरी प्रवेशासाठी राज्यात 31 डिसेंबरला तीन वर्षे पूर्ण व्हावी लागतात, शाळा मात्र जूनमध्येच भरते. त्यामुळे 28 डिसेंबर 2023 ला जन्मलेलं मूल जून 2026 मध्ये अडीच वर्षांचंही नसताना वर्गात बसतं, आणि त्याच्या शेजारी 3 जानेवारी 2023 चं, जवळजवळ साडेतीन वर्षांचं. एकाला चड्डी सांभाळता येत नाही, दुसरं अख्खी गोष्ट सांगतं. 31 डिसेंबर ही किमान वयाची अट आहे. त्याच वर्षी घातलंच पाहिजे असं कुठेही नाही. तरी कित्येक शाळा पालकांना ‘वर्ष वाया जाईल’ म्हणून घाबरवतात.

डेन्मार्कमध्येही हिशोब कॅलेंडर वर्षाचाच. तिथल्या अभ्यासात वर्षभर उशिरा शाळेत गेलेल्या मुलांची चंचलता सातव्या वर्षी कमी दिसली आणि अकराव्या वर्षापर्यंत तो फरक टिकला. गुणांतली आघाडी मात्र वरच्या इयत्तांत ओसरत जाते, हे इतर देशांतही दिसलं आहे. तेव्हा पहिल्या नंबरासाठी थांबवू नका. शिवाय तिकडची थांबलेली मुलं चांगल्या बालवाडीत असतात. आपल्याकडे ते वर्ष मोबाइलसमोर जाणार असेल तर थांबून काही हाती लागत नाही. तिसरं वर्ष भरताच अंगणवाडीत पाठवा. तोवर मातीत खेळणं, गाणी, स्वतःच्या हाताने जेवणं, बटणं लावणं एवढं पुरे.

एक अपवाद मात्र कृपया लक्षात घ्या. अडीच वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल किंवा हाक मारल्यावर वळत नसेल, तर ‘येईल हळूहळू’ म्हणत बसू नका. आधी कानांची तपासणी करा. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातही, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणाऱ्या सरकारी केंद्रात, दाखवता येतं.

कागदोपत्री हिशोबही आधी करावा. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखीव असलेल्या) 25 टक्के जागांसाठी नर्सरीचं कमाल वय 31 डिसेंबरला 4 वर्षे 5 महिने 30 दिवस आहे. म्हणजे जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलं वर्षभर थांबूनही या अटीत बसतात, जानेवारी ते जूनची बाद होतात. बदलीच्या नोकरीवाल्यांनी केंद्रीय विद्यालयाचा नियम पाहावा: पहिलीला 31 मार्चला सहा वर्षे पूर्ण लागतात. तिथे डिसेंबरचं मूल लवकर घालून उपयोग नाही, पहिलीच्या दारात ते अडकतंच.

आणि निर्णय नर्सरीआधीच व्हावा. सिनिअर केजीत मागे ठेवलं, तर सोबती पुढे गेल्याचं त्या मुलाला कळतं.

– एक बालवाडी शिक्षिका, सातारा