सईचं रक्त तपासायचं ठरलंय

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबांनी "बघूया मग" म्हणून विषय मिटवला असता, म्हणून लिहायला बसले. पुढच्या आठवड्यात सईचं रक्त तपासायला द्यायचं आम्ही नक्की केलंय. रागावू नका.

"धडधाकट पोरीला सुई कशाला?" असं आई म्हणेल. पण तिच्या भावाला, ईशानला तरी कुठे जुलाब होत होते? उंची वाढेना, लोहाचं औषध घेऊन हिमोग्लोबिन चढेना, एवढंच. सीलिअॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं झिजण्याचा हा आजार, असा लपून राहतो. सख्ख्या भावंडांना तो असण्याची शक्यता साधारण १० टक्के, आणि काही त्रास नसतानाही आतडं आतून झिजत असू शकतं. म्हणून एका मुलाला निघाला की भावंडं आणि आई-वडील सगळ्यांनीच तपासून घ्यायचं असतं. आम्ही दोघंही सईबरोबरच रक्त देणार आहोत.

बाबा, आमच्या काळी कुठे होता हा आजार, असं तुम्ही विचाराल. होताच. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या उपासमारीत पाव मिळेनासा झाला आणि ही आजारी मुलं उलट सुधारली, हे विलेम डिके या डॉक्टरांनी पाहिलं होतं. सईची करायची ती टीटीजी-आयजीएची रक्ततपासणी मात्र १९९७ नंतरची. ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटलं की ही अँटीबॉडी रक्तात वाढते. सोबत एकूण आयजीए, म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्याच अँटीबॉडी, मोजतात, कारण मुळात तेच कमी असलं तर रिपोर्ट उगाच चांगला दिसतो. ईशानचा आकडा मर्यादेच्या १० पटींहून वर होता आणि दुसऱ्या वेळच्या रक्तात ईएमए ही दुसरी अँटीबॉडीही पॉझिटिव्ह आली, म्हणूनच त्याला एंडोस्कोपी करावी लागली नाही. तेव्हा त्या धास्तीने झोप घालवू नका.

आता नीट ऐका. रक्त देईपर्यंत सईचा गहू बंद करायचा नाही. आई, तू मायेपोटी तिलाही पेजेवर ठेवशील. नको. गहू पोटात गेला नाही तर अँटीबॉडी उतरते आणि तपासणी फसते. रविवारी ती तुमच्याकडे असेल, तेव्हा पाववाल्या पोदेराची पों-पों ऐकू आली की तिला गरम पोई द्या. बाबा, तुम्ही मला द्यायचात तशी, फोडून आत लोणी घालून. कोंडा तुमच्या पंचावर सांडायचा आणि आई ओरडायची मला.

ईशानची काळजी करू नकोस, आई. उकड्या तांदळाची पेज, हुमण, सोलकढी, तांदळाची भाकरी, नाचणीचं सत्त्व सगळं त्याला चालतं. मासे रव्याऐवजी तांदळाच्या पिठात घोळव, तेलही ताजं घे. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, तो मी वेगळा आणीन. चवथीला नेवऱ्या नेहमीसारख्याच होऊ देत, देवाच्या नैवेद्यात खंड नको. फक्त आधी मोदक-पातोळ्यांची उकड काढ, त्या झाकून आत ठेव, आणि मग मैदा मळायला घे. पोरगा तुझ्या पातोळ्यांची वाट बघतोय, हळदीच्या पानांचं आत्तापासून विचारतो.

आणि आता तुझं. लोहाच्या गोळ्या किती वर्षं घेतेस, आठवून बघ. तूही टीटीजी करून घ्यायचंस. तुझ्यापासून हे पोराकडे आलं असं मनातसुद्धा आणू नकोस. आत्याच्या वेळी घरात जे बोललं गेलं ते पुन्हा कोणी बोलणार नाही, मी आहे ना. या आजाराची जनुकं कितीतरी लोकांत असतात, आणि त्यांतले बहुतेक जन्मभर ठणठणीत राहतात.

बाबा, आईला तपासणीसाठी म्हापशाला तुम्हीच घेऊन जा. बसने नको, रिक्षा करा. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही हे तिला आदल्या रात्रीच सांगा, नाहीतर सकाळी चहासुद्धा घेणार नाही. टीटीजीबरोबर एकूण आयजीएही लिहून घ्या. रिपोर्ट हातात आला की मला फोटो पाठवा, आणि तुमची बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
शमा