‘हे दान म्हणून लिहू नका’ असे सांगणाऱ्या ताईंना

नाशिक

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र आपल्या घरी पाठवता आले असते. तरीही ते सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण ग्रामीण भागातल्या एखाद्या लहान संस्थेला आपण काय देऊ शकतो, असा प्रश्न आम्हाला फार लोक विचारतात आणि त्याचे माझ्याजवळचे सर्वांत खरे उत्तर आपण आमच्याबरोबर घालवलेल्या वर्षांत आहे. आपले नाव कुठेही येऊ नये ही आपली अट मी पाळली आहे. आपण कोण हे आम्ही जिथे पाण्याचे काम करतो त्या पेठ तालुक्यातल्या पाड्याला, म्हणजे डोंगरातल्या छोट्या वस्तीला, माहीत आहे, आणि तेवढे आपल्याला पुरेसे आहे, हेही मला ठाऊक आहे.

२०१३ सालच्या जूनमध्ये आपण नाशिकरोडहून शहर बसने निमाणीला उतरून, भर पावसात छत्री सांभाळत, आमच्या पंचवटीतल्या दोन खोल्यांच्या कार्यालयात पहिल्यांदा आलात. हिशेबाच्या कामावरून निवृत्त झाल्याचे आणि शनिवार मोकळा असल्याचे आपण सांगितले. देणगीचा विषय आपण त्या दिवशी काढलाच नाही. आपण आमची कीर्द मागून घेतलीत, तासभर वाचलीत आणि एवढेच विचारलेत की ‘किरकोळ खर्च’ या शब्दाखाली इतके काय काय दडले आहे. त्या प्रश्नाने मला लाज वाटली होती, हे आज कबूल करतो. पुढच्या शनिवारी मी पेट्रोल, एसटीचे भाडे, बैठकीचा चहा, झेरॉक्स आणि कुदळीचे दांडे असे वेगवेगळे रकाने पाडले, आणि संस्थेचे काम प्रत्यक्षात कशावर चालते ते मला स्वतःलाच पहिल्यांदा नीट दिसले.

तीन महिन्यांनी, आमचे व्यवहार पुरेसे पारखून झाल्यावर, आपण बँकेला निवृत्तिवेतनातून दर महिन्याच्या एक तारखेला ५०० रुपये संस्थेच्या खात्यात वळवण्याची सूचना दिलीत. त्या पैशांवर कोणतीही अट नव्हती. ‘यातून काय करणार’ असे विचारले नाहीत. ‘यातून काय झाले’ हे मात्र दर महिन्याला विचारलेत. आपल्या इमारतीतल्या आणि ओळखीतल्या आणखी काही घरांनी आपले पाहून तसेच सुरू केले. ही रक्कम बाहेरच्या माणसाला लहान वाटेल. तिचे मोल कळण्यासाठी आमच्यासारख्या संस्थेकडे पैसा कसा येतो आणि केव्हा येतो, ते थोडे सविस्तर सांगायला हवे.

कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली आणि सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींचे शहर शेजारी असल्याने आमच्यासारख्यांनाही त्याचा उपयोग झाला. त्या पाड्यावरचा सौर पंप, त्याचे पॅनेल, नाल्याकाठच्या विहिरीपासून टेकडीवरच्या टाकीपर्यंतची जलवाहिनी आणि घरांजवळचे नळकोंडाळे हे सगळे २०१६ साली अशाच एका निधीतून उभे राहिले, आणि त्याबद्दल आमच्या मनात कृतज्ञताच आहे. मात्र अशा निधीचे स्वरूप असे असते की तो मोजता येणाऱ्या, छायाचित्रात दिसणाऱ्या वस्तूंसाठी मिळतो आणि काम संपल्याचा अहवाल गेला की त्याचे खातेही बंद होते. पंप बसवण्याआधी आमचा कार्यकर्ता वर्षभर पाड्यावर जात होता, कारण विहीर कोणाच्या शेतात खोदायची यावरून दोन भावक्यांचे जमत नव्हते; त्या वर्षभराचे मानधन कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हते. पंप बसल्यावर पुढे किती वर्षे कोणीतरी जात राहायला हवे, तेही नव्हते.

त्यातच वेळापत्रकाची अडचण असते. मंजुरी बहुतेक वेळा दिवाळीच्या आगेमागे येते आणि खर्च ३१ मार्चपूर्वी व्हावा अशी अपेक्षा असते. आपल्याला माहीतच आहे की नेमक्या त्याच काळात पाडा रिकामा असतो. नागली, वरई आणि भाताची कापणी-मळणी उरकली की कामाला येणारी सगळी माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत थिनिंग (घडांची विरळणी), डिपिंग (घड औषधात बुडवणे) आणि पुढे काढणीच्या कामाला जातात. मागे म्हातारी माणसे, शेळ्या आणि शाळेतली थोडी मुले उरतात. तेव्हा बैठक घेणे म्हणजे ज्यांचे म्हणणे ऐकायचे त्यांच्याशिवाय बैठक घेणे. माणसे भेटतात ती होळीला, राब भाजण्याच्या (रोपांसाठी जमीन भाजून तयार करण्याच्या) दिवसांत आणि पुढे आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, धांदलीत. त्या महिन्यांत प्रकल्पाचे खाते कोरडे असते आणि आमचा कार्यकर्ता सावळघाट चढून जातो तो आपल्यासारख्यांच्या महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पैशांवर. अकरा वर्षांच्या खतावण्या उघडून मी हे पुन्हा तपासले, म्हणूनच इतक्या खात्रीने लिहितो.

आता ज्या प्रसंगासाठी हे पत्र मुख्यतः लिहायचे होते, त्याकडे येतो.

२०१८ सालच्या मे महिन्यात त्या पाड्यावरच्या पंपाची मोटार जळाली. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी हे नाशिक जिल्ह्यातले सर्वाधिक पावसाचे तालुके. पण उतार तीव्र आणि खाली काळा बेसाल्ट खडक, त्यामुळे पडलेले पाणी दमणगंगा, नार, पार अशा नद्यांनी पश्चिमेकडे निघून जाते आणि चैत्र-वैशाखात त्याच डोंगरांवरच्या बायका हंडे घेऊन नाल्यात उतरतात. त्या मे महिन्यात विहिरीची पातळी मोटारीच्या खाली गेली. पाणी संपले की पंप आपोआप बंद व्हावा म्हणून एक सेन्सर बसवलेला होता. त्याची तार कधीतरी निसटली होती. ती कोणी आणि किती दिवसांनी पाहायची, हे आम्ही ठरवलेच नव्हते. मोटार तासन्‌तास कोरडी चालली. चूक आमची होती, गावाची नव्हती.

पाड्याच्या पाणी समितीच्या डब्यात पैसे नव्हते. प्रकल्पाची मुदत संपलेली असल्याने दुरुस्तीसाठी तिथूनही काही मिळण्यासारखे नव्हते. मी आपल्याला शनिवारी अभिमानाने सांगितले की काळजी नको, आपल्या देणगीतूनच मोटार भरून (दुरुस्त करून) आणतो. आपण मान हलवलीत. मोटार आजच न्या, पाणी एक दिवसही थांबता कामा नये, असे म्हणालात आणि लगेच पुढे म्हणालात, “पण हे दान म्हणून लिहू नका. समितीच्या नावावर उसने लिहा, आणि फेडायचे कसे ते त्यांनाच विचारा. मी येते बरोबर.”

त्या क्षणी मला आपला राग आला होता. ज्या घरांत मे महिन्यात पीठ जपून वापरले जाते, त्यांच्या नावावर कर्ज कसे लिहायचे, असे मला वाटले. आपण वाद घातला नाहीत. पुढच्या आठवड्यात आमच्या जीपमध्ये बसून करंजाळीच्या पुढे, कच्च्या रस्त्याने, गुडघेदुखी असताना पाड्यापर्यंत आलात. शाळेच्या ओट्यावर बैठक झाली. आपण तासभर काही बोलला नाहीत. मी दरमहा ३० रुपये पाणीपट्टीचा प्रस्ताव मांडला. पुरुष गप्प राहिले. मग मागे बसलेल्या एका आजींनी सांगितले की दर महिन्याला कोणाच्याच हातात पैसा नसतो, म्हणून दर महिन्याची वर्गणी कधी जमलीच नाही. होळीला सगळे बागांवरून घरी येतात, तेव्हा हिशेब चुकता झालेला असतो, तेव्हा मागा, आणि उरलेले आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मागा. एवढी साधी गोष्ट आम्हाला दोन वर्षांत सुचली नव्हती, कारण आम्ही ती विचारलीच नव्हती. दुसऱ्याही गोष्टी त्याच बैठकीत ठरल्या: पॅनेल कोणी पुसायचे, सेन्सरची तार कोणी पाहायची, आणि मे महिन्यात पंप दिवसातून किती वेळ चालवायचा.

उसने पैसे दुसऱ्या होळीपर्यंत फिटले. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते नंतरचे. आजही समितीच्या डब्यात दुरुस्तीपुरती रक्कम असते आणि त्यानंतर एकदा नियंत्रक बिघडला तेव्हा आम्हाला कळले ते दुरुस्त झाल्यावर. आपण त्या दिवशी ‘बरे, द्या माझ्या पैशातून’ म्हणाला असतात तर मी आपले आभार मानले असते आणि पुढच्या बिघाडाला गाव पुन्हा आमच्या दाराशी आले असते. देणाऱ्या माणसाने आपले दान नाकारून घेणाऱ्याचा मान राखल्याचे उदाहरण मी तोवर पाहिले नव्हते. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या, त्याबद्दल मी अनेकदा वाचले होते आणि भाषणांतही सांगितले होते. पाणी वापरणाऱ्यांनीच पट्टी ठरवायची आणि गोळा करायची, हे तत्त्व मला तोंडपाठ होते. ते आपल्या पाचशे रुपयांना कसे लागू करायचे, हे मात्र आपण दाखवलेत.

आपल्या शनिवारांबद्दलही लिहायला हवे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय कार्यालयाकडे ताळेबंद, जमाखर्च आणि लेखापरीक्षण अहवाल वेळेत जावे लागतात. विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून ८० जी सवलतीसाठी, म्हणजे देणगीवरच्या प्राप्तिकर सवलतीसाठी, प्रत्येक देणगीदाराची माहिती १० बीडी नमुन्यात भरून त्याला १० बीई प्रमाणपत्र देणे सुरू झाले. हे सगळे योग्यच आहे, लोकांच्या पैशाचा हिशेब असाच असावा. पण डोंगरात काम करणारा माणूस कागदात अडकला की डोंगर मागे राहतो. आपण कागद सांभाळलेत म्हणून आमचे दोन कार्यकर्ते आठवड्याचे पाच दिवस पाड्यांवर राहू शकले. एक दिवस येऊन वनराई बंधाऱ्यासाठी गोण्यांत वाळू भरणारे महाविद्यालयीन विद्यार्थीही आम्हाला हवेच असतात. पाऊस सरल्यावर, नाल्याची धार बारीक होत असताना, त्या गोण्या दरवर्षी नव्याने रचाव्या लागतात आणि त्यासाठी हात लागतात. तरीही मदत करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगतो की शक्य असेल तर ठरलेल्या दिवशी, पुन्हा पुन्हा या. आमचे नियोजन त्याच भरवशावर होते.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा ठरलेला एक निधी साहजिकच करोनाच्या मदतीकडे वळला आणि आमच्याकडे दोन कार्यकर्त्यांच्या मानधनाची तरतूद उरली नाही. बागांवरून पायी परतलेल्या माणसांना धान्य पोचवण्याची गरज तर त्याच आठवड्यांत होती. त्या एप्रिलच्या एक तारखेला खात्यात आपले आणि आपल्या शेजाऱ्यांचे पैसे नेहमीप्रमाणे आले. कोणी फोन केला नव्हता, कोणाला विनंती केली नव्हती. त्या सकाळी बँकेचा संदेश वाचून मी बराच वेळ काही बोलू शकलो नाही, हे आपल्याला कधी सांगितले नव्हते.

गेल्या पावसाळ्यापासून आपले गुडघे जिना चढू देत नाहीत, म्हणून कीर्दच आपल्या घरी येते. पाणी समितीची वहीसुद्धा आता तिच्याबरोबर येणार आहे. ती वही सध्या जी मुलगी लिहिते, ती मोटार जळाली त्या वर्षी सातवीत होती आणि ओट्यावर आपल्या शेजारी बसून आपण आकडे कसे मांडता ते पाहत होती. या होळीच्या जमेत दोन घरांची पट्टी दोनदा लिहिली गेली आहे असा तिला संशय आहे आणि तो आपल्याकडूनच तपासून घ्यायचा तिचा आग्रह आहे. येत्या शनिवारी ती सकाळच्या एसटीने पेठहून निघेल आणि अकराच्या सुमारास आपल्याकडे पोचेल. सोबत नव्या नागलीचे पीठ आहे. ते पाड्याने पाठवले आहे, संस्थेने नाही, त्यामुळे कृपया परत करू नये.

आपला कृतज्ञ,
सचिव